सातेरीचा थवा पेटीत येतो, पण राहत का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. संगमेश्वरजवळ घरामागे आंबा-काजूची बाग आहे. परागीकरण होईल, घरचा मधही मिळेल म्हणून दोन नव्या मधपेट्या आणल्यात. व्हिडिओत सांगतात तसं आतून गवती चहाचं तेल लावलंत, पण दोन हंगाम गेले तरी एकही मोहोळ पेटीत आलं नाही. गेल्या शिमग्याच्या आधी शेजाऱ्यांच्या फणसावर लटकलेला माश्यांचा गोळा, म्हणजे थवा, तुम्ही हिंमत करून पेटीत घातलात, तर तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो उठून गेला. काय चुकलं, आणि यंदा काय करावं?

मी जावळीच्या खोऱ्यात सव्वीस वर्षं सातेरी, म्हणजे ढोलीत-भिंतीत राहणाऱ्या आपल्या देशी मधमाश्या, पाळतोय. पहिल्या दोन वर्षांत मी सात थवे धरले, त्यातले पाच गेले. तेव्हा मला वाटायचं, धरताना राणी निसटली असणार. तसं नव्हतं. राणी पेटीतच होती. माश्यांना ते घर पसंत नव्हतं, एवढंच. सातेरीचा थवा झाडावरून उतरवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. तो पेटीत टिकवणं हे पुढच्या दहा-पंधरा दिवसांचं काम आहे, आणि व्हिडिओ अर्ध्या तासातच संपतो. म्हणून तुमच्या दोन तक्रारींपैकी मला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते. पण क्रमानं जाऊ.

ते व्हिडिओ बहुतेक युरोपीय माशीचे असतात, जिला आपण मधपाळ मंडळी मेलिफेरा म्हणतो. ती आपल्या देशात १९६० च्या दशकात पंजाब-हिमाचलकडे रुजली. आपल्या घाटात आणि कोकणात झाडाच्या ढोलीत, जांभ्याच्या गडग्यात, जुन्या घराच्या भिंतीत राहते ती सातेरी. दोघी पोकळीत राहतात, एकाआड एक समांतर पोळी बांधतात, म्हणून एकीची युक्ती दुसरीला चालेल असं वाटतं. तिथेच गडबड होते.

पहिला फरक घराच्या आकाराचा. अमेरिकेत थॉमस सीली या माश्यांच्या अभ्यासकांनी थव्यांपुढे निरनिराळ्या मापांच्या पेट्या ठेवून युरोपीय माशी घर कसं निवडते ते तपासलं. साधारण ४० लिटरची पोकळी, जमिनीपासून उंच, तळाशी लहानसं दार, ही तिची आवड. सातेरीचं कुटुंब पुष्कळ लहान. तिला ४० लिटरचं घर म्हणजे दोन माणसांना चौसोपी वाडा. तिला १० ते २० लिटरची जागा पुरते. साताऱ्याकडे सातेरीसाठी जी लहान पेटी वापरतात तिची एकटी खालची कोठी या कामाला बरोबर आहे. तुम्ही वर मध साठवायची मधकोठी चढवून पेटी ठेवली असेल तर ती आधी उतरवा.

दुसरा फरक राळेचा. मेलिफेरा झाडांचा चिकट डिंक-राळ आणून घरातल्या फटी लिंपून घेते. त्या राळेचा वास नव्या थव्याला ओळखीचा वाटतो, म्हणून व्हिडिओवाले पेटीला ती चोळायला सांगतात. सातेरी राळ गोळाच करत नाही. त्यामुळे तो वास तिच्या कामाचा नाही, आणि पेटीला फट राहिली तर ती फटच राहणार. तिथून उजेड येणार, मुंग्या येणार, पोळं खाणारा मेणपतंग अंडी घालणार. सांधे तुम्हालाच बुजवायचे आहेत. मी मेण आणि लाकडाचा भुसा एकत्र करून लावतो. शेण-मातीही चालते.

तिसरं तेल. कामकरी माशीच्या पोटाच्या टोकाशी एक गंधग्रंथी असते. ‘इकडे या, घर इथे आहे’ असं मागून येणाऱ्यांना सांगायचं असलं की माशी शेपूट वर करते, ती ग्रंथी उघडते आणि पंखांनी वारा घालते. मेलिफेराच्या त्या गंधात सिट्रल नावाचं वासाचं द्रव्य असतं, आणि गवती चहाच्या तेलात सिट्रल भरपूर, म्हणून जगभर ते तेल वापरतात. सातेरीसाठी मात्र त्याचा भरवसा मी धरत नाही. दोन हंगाम निम्म्या पेट्यांना लावून, निम्म्यांना न लावून पाहिलं. मला फरक दिसला नाही. लावायचंच असेल तर कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब, त्याहून जास्त नको. तुम्ही आतून पोतल्यासारखं लावलं असेल तर पेटीपासून माश्या लांबच राहिल्या असतील. जपानात आपल्या सातेरीची सख्खी बहीण आहे, तीही याच जातीची. तिथले मधपाळ रिकाम्या पेटीशेजारी एका जातीच्या ऑर्किडची कुंडी ठेवतात. त्या फुलाच्या वासाला अख्खा थवा भुलतो. आपल्याकडे तसं फूल कुणाच्या अंगणात नाही, तेव्हा ते वाचून सोडून द्यायचं.

सातेरीला हुकमी ओढतं ते जुनं मेण. ज्यातून पिल्लांच्या चार-पाच पिढ्या निघाल्या आहेत असं काळपट पोळं मिळालं तर ते पाण्यात उकळून मेण काढा आणि गरम असतानाच ब्रशनं झाकणाच्या आतल्या बाजूला, पोळं बांधायच्या चौकटींच्या वरच्या पट्ट्यांना आणि दाराच्या तोंडाला लावा. अख्खं पोळंच आत ठेवून देण्याचा मोह होईल. तो टाळा. माश्यांचा पहारा नसलेलं जुनं पोळं मेणपतंगाच्या अळ्या तीन-चार आठवड्यांत जाळी विणून खलास करतात, आणि तशा पेटीत कुणी येत नाही. गावात जुना मधपाळ असेल तर त्याची वापरलेली पेटी मागून घ्या. नव्या लाकडाचा, त्याहून वाईट म्हणजे नव्या रंगाचा वास माश्यांना नको असतो. तुमच्या नव्या पेट्या एक पावसाळा पडवीत उघड्या ठेवून मुरवायला हव्या होत्या. तेही राहून गेलं असेल तर आतून एकदा जळत्या पेंढीचा झपका द्या, नुसती धग, लाकूड काळं पडेल इतकी नाही.

आता वेळ. ‘वसंतात थवे निघतात’ हे वाक्य थंड देशांतून आलेलं आहे. तिथे हिवाळाभर माश्या घरात कोंडलेल्या असतात आणि वसंतात सगळं एकदम उघडतं. आपल्याकडे माश्यांचा वैरी हिवाळा नव्हे, पावसाळा. आषाढ-श्रावणात त्या उपाशी बसतात, पाऊस सरला की उभारी धरतात. कोकणपट्टीत आणि घाटाखाली दिवाळीनंतर कुटुंबं भरू लागतात आणि शिमग्यापर्यंत थवे निघत राहतात. वर महाबळेश्वर-जावळीकडे थोडं उशिरा, जांभूळ फुलायच्या सुमाराला, म्हणजे फाल्गुन-चैत्रात. म्हणून पेटी मांडायची ती पौष संपायच्या आत. बहुतेक लोक झाडावर पहिला थवा दिसला की पेटीची धूळ झटकतात. टेहळ्या माश्यांनी घरं त्याआधीच हेरून ठेवलेली असतात.

जागा सावलीची हवी, पण दाट झाडोऱ्यात लपलेली नको. माणसाच्या डोक्याच्या वर, आठ-दहा फुटांवर आंब्याच्या दुबेळक्यात किंवा गोठ्याच्या वळचणीखाली बसवली तर चांगलं. दार तळाशी, दोन बोटं रुंद आणि जेमतेम एक बोट उंच. पेटी हलता कामा नये. वाऱ्यानं कुरकुरणाऱ्या पेटीत माझ्याकडे कधीच काही आलेलं नाही. दहा दिवसांनी एकदा झाकण उचलून बघा. आत पाल, कोळी, मुंगळ्यांचं वारूळ किंवा झुरळांची वस्ती निघते, ती साफ करायची. दुपारी अकरा ते दोन या वेळात चार-सहा माश्या दारापाशी घिरट्या घालतायत, आत जातायत, बाहेर येऊन पेटीभोवती उडून प्रत्येक कोपरा बघतायत, आणि त्यांच्या पायांना परागाच्या गोळ्या नाहीत, असं दिसलं तर त्या टेहळ्या आहेत. आकडा रोज वाढत गेला तर तीन-चार दिवसांत थवा येतो. या दिवसांत पेटीला हात लावू नका, मुलांनाही तिकडे फिरकू देऊ नका.

झाडावरच्या गोळ्याकडे वळण्याआधी एक इशारा, आणि तो या उत्तरातला सगळ्यात गंभीर भाग समजा. लटकलेला प्रत्येक गोळा सातेरीचा नसतो. आग्यामोहोळाच्या माश्याही स्थलांतर करताना वाटेत असाच गोळा करून एक-दोन दिवस थांबतात. आग्याची माशी सातेरीच्या जवळजवळ दीडपट लांब असते, अंगानं सोनेरी-काळी, गोळा मोठा आणि बहुधा उंच फांदीवर. तिला पेटीत घालता येत नाही. ती उघड्यावर एकच मोठं पोळं बांधणारी आहे. तिच्या वाटेला जाऊ नका, रात्री विजेरी घेऊन तर मुळीच नाही. ती अंधारात उजेडावर धावून येते. उलट फुलोरी माशी अगदी लहान, पोटाच्या सुरुवातीला तांबूस, झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी. तिचाही गोळा दिसतो. तीही पेटीत राहत नाही. सातेरी या दोघींच्या मधली, पोटावर काळे-पिवळट पट्टे असलेली. ओळख पटली नाही तर त्या दिवशी घरी जा.

आता सातेरीचा थवा मुळात निघतो कसा, ते दोन वाक्यांत. कुटुंब गच्च भरलं की कामकरी माश्या पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरं बांधतात, शेंगदाण्याच्या शेंगेसारखी खाली तोंड केलेली. त्यातली पहिली बंद झाली की जुनी राणी निम्म्या किंवा त्याहून जास्त माश्या घेऊन घर सोडते. मागे राहिलेल्यांना नवी राणी मिळते. निघताना प्रत्येक माशी पोटभर मध पिऊन घेते. पोट भरलेलं, राखायला घर नाही, पिल्लं नाहीत, म्हणून ताजा थवा इतका शांत असतो की अनुभवी माणूस त्यात उघडा हात घालतो. पण दोन-तीन दिवस उपाशी लटकलेला किंवा पावसात भिजलेला थवा तसा नसतो. गोळा कधीपासून आहे हे शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय मी तोंडावर जाळी न घालता जवळ जात नाही.

थवा फांदीवर बसला म्हणजे त्याला घर मिळालेलं नसतं, शोध चालू असतो. गोळ्याच्या पृष्ठभागावर बारकाईनं पाहिलं तर काही माश्या पोट थरथरवत आठाच्या आकारात नाचताना दिसतात. नवी जागा कुठल्या दिशेला, किती लांब, हे त्या नाचातून सांगतात. जर्मनीत मार्टिन लिंडाउअर या माश्यांच्या अभ्यासकांना १९४९ मध्ये हे पहिल्यांदा नीट उमगलं. त्यांच्या थव्यावर नाचणाऱ्या माश्या काजळीनं काळ्या, विटांच्या धुळीनं लाल झाल्या होत्या. युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या म्युनिकमध्ये त्या धुराडी आणि पडक्या भिंती बघून आल्या होत्या. हे वाचल्यावर मी प्रत्येक थव्याजवळ पाच मिनिटं नुसता उभा राहू लागलो. एकदा मेढ्याजवळ पेरूच्या झाडावरच्या थव्यात तांबड्या धुळीनं माखलेल्या तीन माश्या नाचताना दिसल्या. समोरच जांभ्याचा जुना गडगा होता. गडग्यात बोट घालून चाचपडलं तर एका भोकाशी माश्यांची ये-जा चालू होती. ते भोक ओल्या चिखलानं बंद केलं आणि मग निवांतपणे थवा उतरवला. घर ठरलेल्या थव्याला तुम्ही पेटीत घातलंत तरी तो ठरलेल्या घरीच जातो. तुमचा थवा गेला त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

तो पेरूवरचा थवा मी कसा उतरवला ते सांगतो, म्हणजे वेगळी यादी द्यायला नको. गोळा साधारण सोललेल्या नारळाएवढा, खांद्याच्या उंचीवर. बरोबर एक वेताची करंडी, जुनं पांढरं धोतर, पाण्याचा फवारा मारायची बाटली, कोंबडीचं लांब पीस, माश्यांना धूर द्यायचं हातातलं धुराडं आणि पेटी. धुराड्यात गोणपाटाचा तुकडा आणि वाळलेली गोवरी. तुमच्याकडे नारळाची सोडणं उत्तम. आधी वरून पाण्याचा बारीक तुषार दोनदा मारला. पंख ओले झाले की माश्या एकमेकींना चिकटून बसतात, उडत नाहीत. करंडीला आतून मेण चोळलेलं होतं. ती गोळ्याच्या बरोबर वर, गोळ्याला टेकेल अशी उपडी बांधली आणि खालून धुराचे हलके दोन फुंकर. माशी धुरापासून वर सरकते, अंधाराकडे सरकते. पंधरा मिनिटांत अर्धा गोळा करंडीत चढला. बाकीच्यांना पिसानं हळूच वर लोटलं. फांदी झटकून थवा खोक्यात पाडण्याची पद्धत झटपट आहे, मेलिफेराला चालतेही. सातेरी त्यानं बिथरते आणि पुन्हा उडते.

मग जमिनीवर धोतर पसरलं, त्याच्या एका टोकाला पेटी ठेवली, दार धोतराला टेकवलं, आणि करंडी धोतरावर एकाच झटक्यात आपटली. हा क्षण मी इतक्या वर्षांनीही थांबून बघतो. माश्यांचा ढीग सुरुवातीला नुसता वळवळतो. मग दाराजवळच्या दहा-बारा जणी आत डोकावतात, वळून दारात उभ्या राहतात, शेपटं वर करून पंख फडफडवू लागतात, आणि सगळा ढीग पाणी वळावं तसा त्या दिशेला वळतो. धोतर पांढरं का, तर त्यावर राणी दिसते. बाकीच्यांपेक्षा लांब, काळसर, तोकड्या पंखांची, घाईघाईनं इतरांच्या पाठीवरून चालणारी. दिसली तर ठीक, नाही दिसली तरी शोधत बसू नका. माश्या शेपटं वर करून पेटीत शिरतायत म्हणजे राणी आत आहे किंवा वाटेवर आहे. त्या बाहेर येऊन पुन्हा फांदीवर जमू लागल्या तर राणी फांदीवर राहिली आहे. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

काही गावांत थवा उडताना लोक थाळ्या वाजवतात, माती उधळतात. थाळीनं काही होत नाही. मातीनं थवा खाली बसतोही कधीकधी, पण त्यात माश्या मरतात. पाण्याचा तुषार पुरे. आणि थवा दुसऱ्याच्या पेटीतून निघालेला असू शकतो, तेव्हा वस्तीत कुणी मधपाळ असेल तर आधी त्याला विचारा. माश्यांवरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

धरलेली पेटी दिवसभर तिथेच सावलीत ठेवायची, उरलेल्या टेहळ्या परत येऊ द्यायच्या, आणि अंधार पडल्यावर दार जाळीनं बंद करून कायमच्या जागी न्यायची. त्याच रात्री. दोन दिवस तिथेच ठेवून मग हलवली तर माश्या जुन्या जागेला परत जातात.

इथून पुढे खरं काम. तुमची पेटी तिसऱ्या दिवशी रिकामी झाली, त्याची मला चार कारणं संभवतात, आणि त्यातली निदान दोन तुमच्याकडे एकत्र आली असणार.

एक, थव्याला आत अडकवून ठेवील असं काही नव्हतं. सातेरी घर सोडून जाण्यात पटाईत आहे. उन्हानं, मुंग्यांनी, उपासानं, मेणपतंगानं, नुसत्या त्रासानंही ती भरलेली पेटी टाकून जाते. तिला धरून ठेवणारी एकच गोष्ट आहे, पिल्लं. दुसऱ्या कुठल्या सशक्त पेटीतून उघड्या, न झाकलेल्या अळ्यांची एक चौकट मिळाली, तिच्यावरच्या सगळ्या माश्या पिसानं झाडून काढल्या आणि ती चौकट थवा घालण्याआधी पेटीच्या मधोमध लावली, तर दहातले आठ-नऊ थवे राहतात असा माझा हिशेब आहे. त्याशिवाय निम्मे जातात. पण ती चौकट कुणाकडून घेता ते बघा. सातेरीला थाई सॅकब्रूड नावाचा विषाणूचा रोग होतो; १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातल्या सातेरी पेट्या त्यानं मोठ्या प्रमाणात साफ केल्या. अळी कोषाआधी मरते आणि चिमट्यानं उचलली तर पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी निघते. तशी एकही अळी दिसली तर त्या पेटीतलं काहीही घेऊ नका.

दोन, राणीगेट नसणं. दारावर अशी जाळी लावतात की कामकरी माशी ये-जा करते, राणीला मावत नाही. पाच-सहा दिवस ठेवलं की पोळी बांधली जातात आणि थवा रुजतो. मात्र मेलिफेरासाठी मिळणारं गेट सातेरीच्या सडपातळ राणीला अडवत नाही, सातेरीचंच मागून घ्या. आणि इथे एक खोच आहे जी नवख्यांना कुणी सांगत नाही. मोठा, पहिला थवा असेल तर त्यात जुनी, फळलेली राणी असते. तिला कोंडलेलं चालतं. पण पहिल्या थव्यानंतर आठवडाभरात त्याच मोहोळातून मुठीएवढे दुसरे-तिसरे थवे निघतात, त्यात कुमारी राणी असते, कधी दोन-तीन असतात. तिला मीलनासाठी बाहेर उडायचं असतं. गेट लावलंत तर ती कधीच फळणार नाही, आणि नर माश्या जाळीत अडकून दार तुंबवतील ते वेगळंच. लहान थव्याला गेट नाही, हा नियम लक्षात ठेवा.

तीन, जागा आणि मुंग्या. तुम्ही लिहिलंय की पेटी अंगणात लोखंडी घोडीवर होती. फाल्गुनातलं दुपारचं ऊन त्या घोडीवरून पेटीत चढतं. पेटी सावलीत, पायांखाली पाण्याच्या वाट्या, वाट्यांत रोज पाणी. वाट्यांपर्यंत एखादं गवताचं पातं टेकलं तरी मुंग्यांना पूल मिळतो, म्हणून भोवतीचं गवत काढा.

चार, तुम्ही दुसऱ्या दिवशी झाकण उघडून बघितलंत. प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून सांगतो, बहुतेक हेच शेवटचं निमित्त झालं. पहिले पाच दिवस पेटी उघडायची नाही. फक्त संध्याकाळी, माश्या परतल्यावर, साखर आणि पाणी सारख्या मापानं घेऊन केलेला पाक वाटीभर आत ठेवायचा, वर गवताच्या काड्या टाकायच्या म्हणजे माश्या बुडत नाहीत. गूळ नको, त्यानं हगवण लागते. पाक बाहेर सांडू देऊ नका, नाहीतर मुंग्या आणि दुसऱ्या मोहोळाच्या लुटारू माश्या दोन्ही येतील. आठ चौकटींची पेटी असली तरी सुरुवातीला चारच चौकटी लावा आणि उरलेली जागा फळीनं बंद करा. थव्याला घर भरलेलं वाटलं पाहिजे. दारातूनच सगळं कळतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माश्या पायांना पिवळ्या, भगव्या परागाच्या गोळ्या लावून आत जाताना दिसल्या तर पोळं बांधलं जातंय आणि पिल्लांची तयारी चालू आहे. पराग येत नसेल आणि दारात नुसतीच सैरभैर ये-जा असेल तर उठायच्या तयारीत आहेत. सहाव्या-सातव्या दिवशी सकाळी, कोवळ्या उन्हात, एकदा चौकट उचला. पोळ्यातल्या एकेका घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरी अंडी उभी दिसली की चहा प्या. लहान थव्यात कुमारी राणी असल्यामुळे अंडी दिसायला पंधरा दिवसही लागतात, तिथे घाई करू नका.

डंख लागला तर नखानं खरवडून काटा लगेच काढा. अंगावर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा वाटला किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

एवढं सगळं लिहिल्यावर एक खरं सांगतो. आता मी स्वतः थव्यांच्या मागे फारसा धावत नाही. पेट्या आहेत त्यांना नीट पाहिलं तर थवा निघण्याआधीच कळतं. पोळ्यातल्या सातेरीच्या नर माश्यांच्या घरांवर टोपीसारखं उंच झाकण असतं आणि त्या झाकणाच्या बरोबर मध्ये सुईनं टोचल्यासारखं भोक असतं. इतर पिल्लांच्या झाकणांवर ते नसतं. पोळ्याच्या कडेला अशी टोचलेली झाकणं दाट दिसू लागली की समजायचं, दोन-तीन आठवड्यांत राणीघरं येणार. राणीघरं आली की जुन्या राणीसकट तीन चौकटी नव्या पेटीत काढून दूर नेतो, मूळ पेटीत एक-दोन चांगली राणीघरं ठेवून बाकीची मोडतो. एकाच्या दोन पेट्या होतात, झाडावर चढावं लागत नाही. महाबळेश्वरच्या मधसंचालनालयात हे प्रत्यक्ष हातात चौकट देऊन शिकवतात, आणि खादी ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत पेट्यांना ५० टक्के अनुदान असतं. २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालेलं मांघर महाबळेश्वरपासून जवळच आहे. तिथे एक दिवस कुणा मधपाळामागे फिरलात तर माझ्या या उत्तरापेक्षा जास्त शिकाल.

तुमच्याकडे अजून एकही पेटी भरलेली नाही, तेव्हा यंदा हे करा. दोनपैकी एक पेटी मेण लावून, सांधे बुजवून, पौषातच आंब्यावर चढवा. दुसरी खाली तयार ठेवा, करंडी आणि धोतर तिच्यातच. अळ्यांची चौकट कोण देईल ते आत्ताच ठरवून ठेवा, थवा लटकल्यावर नव्हे. आणि शेजाऱ्यांना सांगा, फणसाची ती फांदी यंदा तोडू नका. एका वर्षी जिथे थवा बसला तिथे पुढच्या वर्षी दुसरा बसलेला मी कितीदा पाहिलाय. मेढ्याच्या त्या पेरूवरून मी आतापर्यंत चार उतरवलेत.